कलंडलेला हिमनग

बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो म्हणून तो निळा दिसतो, हे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. तो निळा रंग स्वतः मात्र कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर आमच्या ईडन प्रेरी गावातल्या छायाचित्रणाच्या वर्गात नाव घातले, तेव्हा सर्वांत वयस्कर विद्यार्थी मीच होतो. हिवाळाभर गोठलेल्या तळ्याचे फोटो काढले आणि ते सगळे राखाडी आले. पांढऱ्या रंगाला कॅमेरा फसतो, उजेड आपण वाढवून द्यायचा, हे कळायलाच मार्च उजाडला. त्यानंतर एकाच इच्छेने अलास्का गाठले: निळ्या हिमनगाचा, त्याच्या पट्ट्यांसकट, एक बरा फोटो मिळावा.

सकाळपासून बोटीच्या कठड्याशी जागा धरून मी उभा होतो. समोरून जात होती ती मळक्या पांढऱ्या रंगाची ढेकळे. मग एक हिमनग सावकाश कलंडला आणि त्याची पाण्याखालची बाजू वर आली. आतून उजळल्यासारखी निळी, ओल्या काचेसारखी गुळगुळीत. तिच्यावर आडवे पांढरे पट्टे आणि त्यांना तिरपी छेदत गेलेली मातीची काळी रेघ. कॅमेऱ्याचे बटण दाबायला मी हातमोजा काढला.

“काका, मराठी ना तुम्ही? मघाशी फोनवर ऐकलं. आमचा एक फोटो काढा ना, प्लीज! मागे हा आइसबर्ग हवा,” शेजारची एक तरुणी म्हणाली.

“अगं, त्यांना कशाला त्रास?” तिचा नवरा म्हणाला.

“एवढा मोठा कॅमेरा आहे गळ्यात, काका एक्स्पर्टच असणार. तू काढलास की माझं डोकं कापतोस यार!”

कॅमेरा छातीवर तसाच सोडून मी तिचा फोन घेतला. आधी साधा फोटो झाला, मग टोपी काढून, मग फोन उभा धरून, मग नवऱ्याने डोळे मिटले म्हणून पुन्हा. तेवढ्यात कप्तानाने बोट वळवली. कलंडलेल्या हिमनगाजवळ थांबणे धोक्याचे असते. घाईघाईने टिपलेल्या माझ्या फोटोत आल्या त्या इतर प्रवाशांच्या चार-पाच टोप्या आणि त्यांच्या पलीकडे एक फिकट ठिपका.

निदान तिच्या फोनमध्ये तो हिमनग आहे, एवढाच आधार उरला होता. तो फोटो मागण्याचे धैर्य गोळा करेपर्यंत बोट धक्क्याला लागली.

“ऑफकोर्स, काका! नंबर द्या.”

फोटो संध्याकाळी आला. दोघांच्या पापण्यासुद्धा मोजता आल्या असत्या. मागे निळसर धुरकट डाग होता. ना पट्टे, ना रेघ. फोन मागचे सगळे धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडवर होता आणि मी, वर्गात जाऊन शिकलेला माणूस, ते पाहायला विसरलो होतो.

खाली तिने लिहिले होते: “काका, बॅकग्राउंड काय मस्त ब्लर आलंय!”

हा धूसरपणा तिच्या फोनमधल्या मूळ फोटोतून काढता येतो, हेही मला ठाऊक होते. तेवढी एक विनंती करायची होती. दोनदा लिहिली, दोनदा खोडली.

“छान आलाय,” असे कळवून मी फोन पालथा ठेवला.