राजनंदिनीची ओटी

नवीन जालन्यात राजनंदिनी पंधरा वर्षं ब्लाउज शिवते. माप देता देता बाया तिला सासूची गाऱ्हाणी सांगतात, नवऱ्याचं घोरणंही सांगतात. पण ती मुलगा म्हणून जन्मली, ही गोष्ट याच बायांना नेमकी हळदीकुंकवाच्या दिवशी आठवते.

यंदा मात्र आठ मार्चला महिला मंडळानं तिला सत्काराला बोलावलं. ती नवी साडी नेसून गेली. अध्यक्षा प्रीतीताईंनी 'सगळ्या स्त्रिया समान' यावर चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. भाषण मिस्टरांनी लिहून दिलेलं. ते पहिल्या खुर्चीत बसून सोबत ओठ हलवत होते. मग त्यांनी मंचावर बोलावून एकेका बाईची खणानारळानं ओटी भरली. राजनंदिनीनंही पदर पसरला, तर त्यात पडली टोपी आणि उपरणं.

"हे कोणाचं, ताई?"

"तुमचंच की. तुमची ओटी भरावी का न्हाई, कळंना. मंग मिस्टर म्हणले, टोपी बराबर राहील."

"माप देताना बिलकुल कळतं तुम्हाला! अन् बाई कोण हे बायांच्या मंडळात बाप्या ठरवणार?"

राजनंदिनी मंचावरून उतरली. तिनं टोपी मिस्टरांच्या डोक्यावर बसवली, उपरणं गळ्यात घातलं आणि परत येऊन पदर पसरला.

"घ्या, गड्याचा सत्कार झाला. आता भरा ओटी."

नारळ हातात धरून अध्यक्षाबाईंनी सवयीनं मिस्टरांकडं पाहिलं. मिस्टर टोपी सरळ करण्यात गुंतले होते.