सरूच्या गोष्टीतलं पोरगं

चार बाया भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या की दाण्याआधी टरफलांचाच ढीग होतो. किश्शांचंही तसंच! बेंबळी गावात आमच्या ओसरीवर गोष्ट सरूनं सांगायची, आम्ही तिघींनी हुंकारा द्यायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं रद्दीचे कागद वाचून. पण गोष्ट बांधावी कशी, ते सरूकडूनच शिकले.

*

एकदा मी मध्येच विचारलं, "राजवाडा कसा होता गं?"

सरू उखडली. "तुला राहायला जायचंय व्हय तिथं? राणी उपाशी हाय, तिचं बघ!"

*

शेजारची नवी सून एकदा शेवट आधीच बोलून गेली. सरू रागावली न्हाय. "बरोबर हाय, बाई. आता तिथवर आमाला घेऊन चल."

सून दुसऱ्याच वाक्यात अडकली!

*

एक मॅडम मोबाइलवर सरूच्या गोष्टींचं रेकॉर्डिंग करायला आल्या. गोष्ट संपल्यावर विचारतात, "आजी, यातला पॉइंट काय?"

"जेवलात न्हवं?" सरू म्हणाली. "मग आता ताट कशाला चावता?"

*

मग ढोकीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरखाली सरूचा दत्ता गेला. एकुलता एक पोरगा. वर्षभर ती ओसरीवर आली न्हाय.

आली त्या दुपारी तिनं जुनीच गोष्ट काढली. आई पोराला घागर देऊन पाण्याला धाडते, पोरगं संकटांतून घरी येतं. पण या वेळी ते येईचना! सरूनं वाटेत नदी घातली, रान घातलं, डोंगर घातला.

"अगं, पोचव की त्याला," मी म्हटलं.

"लांब हाय."

मला लई कळतं ना! मी म्हटलं, "उगं ताणतीस, सरू. गोष्टीला शेवट लागतो."

तिनं पदरातल्या शेंगा खाली ओतल्या आणि घरी गेली.

*

आठ दिवस मला घास गोड लागला न्हाय. शेवटी तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसलेली. माफी मागायची मला सवय न्हाय. समोर बसले आणि म्हटलं, "हुं."

ती म्हणाली, "पोरगं वेशीत आलं."

"हुं."

"दारात आलं. आईनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला."

"हुं."

"घागरीत बघितलं. म्हणली, पाणी सांडलं की रं वाटेत. जा, पुन्हा भरून आण."

"हुं," मी म्हटलं.