अंतराळातला देवचार

मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. ते सांगताना मला कधीच संकोच वाटला नाही. बाबांना तर नाहीच. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळला एका कारखान्यावर वॉचमन होते, पण घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्यांची ओळख एकच, ग्रॅज्युएट मुलीचा बाप.

त्या वर्षी गणपतीत मंडळाने भाड्याने व्हिडिओ आणला. पोरांनी कॅसेट उचलली ती जुन्या इंग्रजी पिक्चरची. वेष्टणावर रॉकेट आणि त्याला विळखा घातलेला आठ हातांचा राक्षस. चाळ नुसती पेटली!

"पण कळणार कोणाला?" समोरच्या खोलीतले काका म्हणाले. सरकारी कचेरीतले, इस्त्रीच्या शर्टातले.

"माझी मुलगी सांगेल ना मराठीत," बाबा म्हणाले. "बी.ए. आहे."

"मराठी घेऊन बी.ए. ना? मग गोऱ्यांचं बोलणं काय कपाळ कळणार तिला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. झालं, आता माघार नाही.

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या. माणसं एकमेकांच्या मांडीवर. मी टीव्हीशेजारी उभी. पिक्चर सुरू झाला आणि माझी वाट लागली. पुस्तकातलं इंग्रजी मला यायचं, पण हे लोक जिलेबी तोंडात ठेवून बोलत होते, वर कॅसेटची खरखर. जे डोळ्यांना दिसत होतं ते सांगत सुटले. रॉकेट उतरलं, माती हलली, आणि दगडाआडून तो लिबलिबीत हात बाहेर आला. खोलीत किंचाळ्या!

"हा परग्रहवासी," मी म्हणाले.

"खंयचो गो?" पुढे बसलेल्या म्हाताऱ्या काकीने विचारलं.

"म्हणजे त्या ग्रहावरचा. ती जागा त्याची आहे. हे रॉकेटवाले न विचारता आत शिरलेत."

"मगे देवचार म्हण ना! हद्दीत शिरताना नारळ तरी ठेवल्यानी काय मेल्यांनी?"

बस्स. तिथून पिक्चर आमचा झाला. चाळ सगळी कोकणातली, आणि कोकणातल्या माणसाला देवचार, म्हणजे गावच्या वेशीवरचा राखणदार, समजावून सांगावा लागत नाही. कोणी अंतराळवीर अंधाऱ्या गुहेकडे निघाला की अख्खी खोली ओरडायची, "अरे जाऊ नको रे, नारळ ठेव आधी!" मीही अंगात आल्यासारखी बोलत होते. काय मजा येत होती म्हणून सांगू!

शेवटी राक्षस रॉकेटच्या दाराशी आला. कॅप्टन पुढे झाला, दोन्ही हात वर करून काहीतरी लांबलचक बोलू लागला. मला त्यातला एक शब्द कळला नाही. काका मागून म्हणाले, "आता सांग की, बी.ए.!"

बाबांची मान खाली.

मग मला त्या कॅप्टनचे वर केलेले हात दिसले. बाबा गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहतात तसा तो उभा होता. मी आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांकडून काय चुकला-माकला असात, तर पदरात घे रे म्हाराजा!"

बाबांची मान झटक्यात वर आली. "व्हय म्हाराजा!" पहिला आवाज त्यांचाच. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुष घालतात, पण त्या क्षणी ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"ह्यांच्या वाटेतलो अडसर दूर कर, आणि ह्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

आणि राक्षस खरोखर मागे सरला! धुक्यात गेला, रॉकेट उडालं, टाळ्या आणि शिट्ट्यांनी पत्रे हलले. काकी टीव्हीलाच हात जोडून बसली.

बाहेर पडताना काकांनी बाबांना गाठलं. "पण खरं सांगा, तो कॅप्टन असं बोलला?"

"न बोलता गेला असता का तो देवचार?" बाबा म्हणाले. "आणि तुम्ही काय विचारताय? सगळ्यात मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तुम्हीच म्हणत होतात!"