कुठली गाडी खोलायची

ट्रॅकवर पळवायला एक गाडी तयार करायची आहे, असं मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा नवऱ्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"पळवणार कोण?"

"मी."

"बरं," तो म्हणाला आणि कप पुन्हा उचलला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एका "बरं"साठी मी त्याची आजही ऋणी आहे.

मी धाराशिवला तंत्रनिकेतनात शिकवते. राहायला येरमाळ्यात, हायवेच्या कडेला. तिथं नवऱ्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आदल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी एक छोटी गाडी बनवली होती. ती स्पर्धेला तमिळनाडूतल्या एका रेसिंग ट्रॅकवर न्यायची होती आणि चमूत मुली असल्यामुळं सोबत मला पाठवलं. स्पर्धा संपल्यावर तिथं ट्रॅकवर गाडी पळवायला शिकवणाऱ्या एका बाईनं मला आपल्या गाडीत शेजारी बसवून एक फेरी मारून आणली. साधी, रोज रस्त्यावर दिसते तशी गाडी. फक्त आतून पार मोकळी केलेली. पहिल्या वळणावर मी ओरडले आणि दुसऱ्या वळणापासून हसत सुटले. आई जाऊन तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. इतक्या दिवसांत मी तशी हसले नव्हते.

आई गेल्यावर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी आमच्या गावाहून, ईटहून, येरमाळ्याला आणलं. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. आमच्याकडं आल्यापासून ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघायचे. जेवायला बोलावलं की यायचे, विचारलं तर बोलायचे. निवृत्त झाल्यावर आईच्या हौसेखातर घेतलेली त्यांची पांढरी गाडी शेडमध्ये उभी होती. तिला त्यांनी हात लावला नव्हता.

त्याच पांढऱ्या गाडीवर माझा डोळा होता. ते मॉडेल आता बंद झालेलं. वजनाला हलकी, पॉवर स्टेअरिंग नाही, आत संगणकाचा पसारा नाही. आमच्या दुकानाशेजारी गॅरेज असलेल्या चाचांचा हिच्या इंजिनावर हात बसलेला. सुटे भाग तर दुकानाच्या फळीवरच. पण ट्रॅकसाठी गाडी तयार करायची म्हणजे आधी ती खोलायची. मागची सीट, गालिचे, दारांची आतली आवरणं सगळं काढून टाकायचं आणि गाडी उलटली तरी जीव वाचावा म्हणून आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड करायचा. आई बसायची त्या गाडीतलं सगळं उपटून काढू का, हे अण्णांना कुठल्या तोंडानं विचारणार?

तेवढ्यात नवऱ्याला जळकोटच्या एका ओळखीच्या माणसाकडं तांबडी गाडी विकायला असल्याचं कळलं. नाव तेच, पण पुढच्या पिढीचं मॉडेल. इंजिन ताकदीचं, पत्रा जाड, गच्च दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे एबीएसचे ब्रेक; आणि जागोजागी सेन्सर. चाचांनी ऐकूनच नाक मुरडलं.

"बेटा, जुन्या गाडीचं दुखणं कानाला कळतं. नवीला काय झालंय ते कम्प्युटरला इचारावं लागतंय. उद्या कम्प्युटर न्हाय म्हनला तर ट्रॅकवर काय ढकलत फिरनार?"

ठरलं असं, की दोन्ही चालवून बघायच्या. जळकोटच्या त्या माणसाच्या घरामागं पेट्रोल पंपासाठी मुरूम टाकून सपाट केलेली मोठी जागा होती. पंप काही झाला नव्हता. एका रविवारी आम्ही पांढरी घेऊन निघालो. नवरा चालवत होता, शेजारी चाचा, मागं मी आणि अण्णा. अण्णांना घरी एकटं ठेवायचं नाही, एवढ्यासाठीच मी त्यांना बळं बळं बरोबर घेतलं होतं.

मैदानावर नवऱ्यानं ऑइलचे रिकामे डबे मांडून वळणं तयार केली. आधी मी पांढरी घेतली. काय सांगू! स्टेअरिंग जड होतं, पण चाकाखालचा खडा न् खडा हातात कळत होता. डब्यांमधून ती शेळीच्या करडासारखी उड्या मारत गेली. मग तांबडी घेतली. जोर होता तिच्यात, पण अंगानं थोराड. स्टेअरिंग तर असं मऊ, की चाकं जमिनीला लागलीत की नाही तेच कळेना. मी उतरले तेव्हा माझा चेहरा बघूनच चाचा म्हणाले, "झालं. पांढरी."

नवरा म्हणाला, "मलाही तेच वाटतंय. पण..." आणि त्यानं हळूच अण्णांकडं बघितलं.

अण्णा एका दगडावर बसले होते. ते उठले, धोतर झटकलं आणि माझ्यापुढं हात केला.

"किल्ली दे जरा."

कितीतरी महिन्यांनी मी त्यांना स्टेअरिंगवर बसलेलं बघितलं. त्यांनी पांढरी लांब नेली, वळवली आणि सरळ एका डब्याच्या रोखानं वेगात आणली. डबा जवळ आल्यावर ब्रेक गच्च दाबून स्टेअरिंग फिरवलं. चाकं जाम झाली आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळ घसरत गेली. डबा खडखडत लांब उडाला. अण्णा शांतपणे उतरले, डबा होता तिथं आणून ठेवला आणि तांबडीत बसले. तोच वेग, तोच ब्रेक. तांबडीनं थांबायला उलट जास्त जागा घेतली, पण ब्रेक दाबलेला असतानाही ती वळली आणि डब्याच्या बाजूनं निघून गेली.

"हीच घ्या," अण्णा म्हणाले.

चाचांना ते पटलं नाही. "अण्णा, पाय हलका ठेवला तर पांढरीची चाकं बी जाम होत न्हाईत. शिकंल की ती."

"शिकंल. रोज ठेवंल पाय हलका. पर घाबरल्यावर ठेवंल का?"

"ब्रेक मी बदलून देतो. नव्या गाडीचे बसतात तिला."

"ब्रेक बदलशील. पत्रा बदलशील का?" अण्णांनी पांढरीचं दार बोटानं वाजवलं. पातळ डबा वाजावा तसा आवाज आला. "लई चांगली गाडी हाय ही. म्याच घेतली. पर ज्वारात कोन पळती, ते तुमी बघितलं. चुकल्यावर कोन काय करती, ते म्या बघितलं."

चाचांनी हसून मान हलवली. "ही बात बराबर हाय. पर अण्णा, कम्प्युटरनं दगा दिला तर मी तुम्हालाच बोलावनार."

"बोलाव की. रिकामाच हाय मी."

तांबडी घेऊन आम्ही परतलो. मला हलकं वाटत होतं आणि खुपतही होतं. पांढरी वाचावी म्हणून तर अण्णा असं बोलले नसतील? तसं असलं तरी माझी काही तक्रार नव्हती, पण मला खरं कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासून उन्हात उभे होते, तेव्हा मी विचारलंच.

"अण्णा, आईची गाडी खोलू नये म्हणून तुम्ही तांबडी घ्या म्हणालात का?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग आत गेले आणि पांढरीची किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली.

"दोन्ही खोलायच्या आसल्या तर दोन्ही खोल. तुझ्या आईला काय गाडीत ठिवलेलं न्हाय म्या. पर बसताना तांबडीत बस."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात पाठवणी करताना ठेवला होता, त्यानंतर बहुधा तेव्हाच.

त्या दिवसापासून ते गॅरेजमध्ये जायला लागले. गालिचे काढल्यावर तळाच्या पत्र्याला आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबराचे जाड थर दिसले. वजन कमी करायचं तर ते खरवडून काढायला हवे होते. हे काम अण्णांनी मागून घेतलं. डांबर गार असलं की तडकून निघतं, म्हणून ते सकाळच्या थंडीतच कानाला मफलर बांधून, पटाशी आणि हातोडी घेऊन गाडीत बसायचे. मी कॉलेजला निघताना आतून ठकठक ऐकू यायची. दुपारी चाचा आणि ते एकाच डब्यात जेवायचे. संध्याकाळी मी घरी आले की अण्णा आपणहून सांगायला लागले, आज किती निघालं, कुठं पत्र्याखाली वायर सापडली, चाचा कशावरून चिडला. भूक वाढली. एकदा तर भाकरी करपली म्हणून माझ्यावर खेकसले. मला इतका आनंद झाला, की मी नवऱ्याला आत बोलावून ते सांगितलं.

आणि मग चाचांचं भाकीत खरं ठरलं. डांबर निघाल्यावर टेम्पोवर घालून सोलापूरला पाठवलेली गाडी पिंजरा वेल्ड होऊन परत आली आणि सुरूच होईना. स्टार्टर फिरायचा, इंजिन काही पेट घ्यायचं नाही. चाचांनी कुणाकडून तरी स्कॅनर आणला, त्यावर काहीबाही आकडे आले. मी पुस्तकं काढली. आठवडा असाच गेला. चाचा रोज अण्णांना म्हणायचे, "बघा, म्हनलो नव्हतो?" आणि अण्णा रोज खाली मान घालायचे. शेवटी चाचांनीच स्कॅनर बाजूला ठेवला आणि मागच्या सीटच्या जागेपासून एकेक जोड हातानं चाचपत आले. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ढकलणाऱ्या पंपाचा प्लग अर्धवट निघालेला होता. डांबर खरवडताना पटाशीचा धक्का लागला असणार.

"म्हंजी माझ्याच हातानं सुटला," अण्णा म्हणाले.

"तुमच्याच," चाचा म्हणाले. त्यांनी प्लग दाबून बसवला, मी किल्ली फिरवली आणि तांबडी अशी गरजली, की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. चाचा आणि अण्णा एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत हसत होते. नवऱ्यानं सगळ्यांना जिलेबी वाटली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तांबडी टेम्पोवर चढवून तमिळनाडूला नेली. नवरा दुकानासाठी मागं राहिला. चाचा, अण्णा आणि मी असे गेलो. तो स्पर्धेचा दिवस नव्हता; आपापल्या गाड्या आणून हौसेनं पळवायच्या, एवढंच. पहिल्या फेऱ्यांत सगळे मला मागं टाकून जात होते. दुपारपर्यंत थोडी भीड चेपली आणि तिथंच घोटाळा झाला. एका लांब वळणात मी जास्त वेगानं शिरले. घाबरले, आणि करू नये तेच केलं: वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेक गच्च दाबला. पायाखाली ब्रेकची थरथर जाणवली, गाडी बाहेर ओढली गेली, पण स्टेअरिंगचं ऐकत होती. ट्रॅकच्या कडेच्या वाळूत जाऊन ती सरळ उभी राहिली. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं श्वास घेत होते आणि मला जळकोटचं ते मैदान दिसत होतं.

मी परत आले तेव्हा चाचा धावत पुढं आले. अण्णा जागचे हलले नव्हते. कठड्याला धरून उभे होते. "पानी पी," एवढंच म्हणाले.

शेवटच्या पाळीत शेजारी एकाला बसवायची मुभा होती. चाचा म्हणाले, "मला चक्कर येते. अण्णांना न्या." हेल्मेट घालताना त्यांचे कान दुमडले, ते मी सरळ केले आणि पट्टे आवळले. ट्रॅकवर मी त्यांना घाबरवायचं नाही असं ठरवलं होतं, पण दुसऱ्या वळणानंतर त्यांनी पुढं बोट दाखवून "चल, चल" अशी खूण केली. मग मी पाय दाबला. सरळ पट्ट्यावर इंजिनाच्या आवाजातही मला त्यांचं हसणं ऐकू आलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना बसवून नेलं, ते त्या दिवशी माझ्या शेजारी नुसते बसले होते.

बाहेर आल्यावर मी हेल्मेट काढलं. अण्णांनी काढलं नाही.

"अजून एक चक्कर मिळंल का गं?"

आम्ही पुन्हा रांगेत लागलो, पण पाळी संपत आली होती आणि पुढं एकाच गाडीला वेळ उरला होता. रांगेत आमच्या पुढं असलेल्या चकचकीत गाडीच्या मालकाला आमची भाषा येत नव्हती. त्यानं काच खाली केली, हेल्मेटमधल्या अण्णांकडं बघितलं आणि हसून हात हलवला: तुम्ही जा. मी त्याला हात जोडले, हेल्मेट पुन्हा चढवलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि आम्ही पुन्हा निघालो.