यमदूत दाराबाहेर

स्वतःला शहाणा समजणारा माणूस आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घेतो, ऐकायचंय? मग तो चहा ओता आणि ऐका. हसायचं मात्र शेवटी!

सिंगापुरात आमच्या हौशी मंडळींचं नाटक होतं. साधंसुधं सभागृह नव्हे हो, चांगलं इंग्रजांच्या काळातलं थिएटर! उंच खांब, लाल मखमली पडदा, झुंबरं. माझं काम काय? यमदूत! प्रवेश एक, वाक्य एक: "चल, तुझी घटका भरली!" पण तेवढ्यासाठी आई सांगलीहून आली होती, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून. तिच्यासमोर शोभा होऊ नये, एवढीच माझी इच्छा.

थिएटरवाल्यांनी आधीच बजावलं होतं: रंगमंचावर आग नको, पाणी नको, आपटाआपटी नको. आमचे दिग्दर्शक जोशीकाका म्हणाले, "नारळ राहू दे. नुसता नमस्कार करू."

नारळ फोडल्याशिवाय पडदा वर? लिटल इंडियातून आणलेला नारळ धोतराच्या सोग्यात लपवला आणि मागच्या दारानं गल्लीत सटकलो.

नारळही असला खमक्या! पहिली घंटा झाली, फुटेना. दुसरी झाली, फुटेना. तिसरीला फुटला. वळून बघतो तर दार बंद! बाहेरून ना कडी, ना मूठ. बुक्क्या मारल्या, हाका मारल्या. इंग्रजांनी दारं काय जाड केलीत हो! फोन? ग्रीनरूममध्ये. यमदूताच्या धोतराला खिसा असतो का?

धावत पुढच्या दाराशी गेलो. काळं धोतर, काजळाच्या मिशा, खांद्यावर थर्माकोलची गदा, हातात अर्धा नारळ. दारात एक म्हातारे चिनी अंकल उभे. त्यांचं ते खास सिंगापुरी इंग्रजी:

"सर, लेटकमर कॅनॉट लाह. वेट फॉर इंटरव्हल."

"अंकल, आय ॲम ॲक्टर!"

"एव्हरीबडी ऑल्सो से लाइक दॅट."

एव्हरीबडी? असल्या मिशा लावून?

पुरावा म्हणून मी गदा उगारून माझं वाक्य म्हटलं. अंकलना मराठी कुठलं कळायला! मग मी शहाण्यानं तेच इंग्रजीत सांगितलं, "अंकल, युअर टाइम इज अप! आय हॅव कम टु टेक यू!"

अंकल दोन पावलं मागे, सिक्युरिटीचे दोघं पुढे. मला बाकावर बसवलं आणि गदा जप्त केली.

तेवढ्यात आतून हशाचा स्फोट झाला. मध्यंतरात जोशीकाकांनी मला सोडवलं, तेव्हा कारण कळलं. पलंगावर मरायला टेकलेल्या आमच्या नटानं माझी वाट बघितली, खूप बघितली, आणि शेवटी उठून म्हणाला, "यमदूताचा सिंगापूरचा एम्प्लॉयमेंट पास अडकला वाटतं. चला, मीच जातो!"

टाळ्याच टाळ्या! जोशीकाका म्हणाले, "पुढच्या प्रयोगातही हेच ठेवू. तू आपला नारळ बघ."

माझा जीव मात्र आईसाठी तुटत होता. एवढ्या लांबून आलेली माउली, आणि लेक रंगमंचावर दिसलाच नाही! नाटक संपल्यावर मिशा पुसत तिच्यापुढे उभा राहिलो. मान वर होईना. "आई, माझं काम..."

"छान झालं की रे!" आई म्हणाली. "घरी तालमीत दर वेळी अडखळायचास. आज एकदाही नाही!"