मावशींना बाकावर जागा नव्हती

“पाय काय म्हणत्यात गं?” सामन्याआधी मावशी प्रत्येक मुलीला एवढंच विचारायच्या. मुलगी हसायची आणि तिचे आखडलेले खांदे सैल व्हायचे.

शिनोलीजवळच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या. वर्ग झाडण्याआधी मुलींचा खो-खो घ्यायच्या. तरुणपणी स्वतः जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या. कागदावर प्रशिक्षक मात्र मी, गणिताचा मास्तर. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

तालुक्याला मुली जिंकल्या. जिल्ह्याच्या सामन्याला मावशी खेळाडूंच्या बाकाकडे निघाल्या, तर एका पदाधिकाऱ्याने हात आडवा घातला.

“शिपायाचं इथं काय काम? प्रशिक्षक कोण?”

मी पुढे झालो. तुम्हीच सांगा, ‘प्रशिक्षक ह्याच’ म्हणायला माझी जीभ झडली होती का? मी बाकावर बसलो आणि मावशी कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या. मुली सारख्या तिकडे बघत आणि बाद होत. मध्यंतरात मावशी ओरडल्या, “माज्याकडं नका बघू! तालुक्याला मी पुरले, हितं नाय पुरायची. एकमेकींकडं बघा!”

एका गुणाने जिंकलो. शाल-श्रीफळ मला मिळालं. मी ते घेतलंही!

पुढे राज्य स्पर्धेसाठी आमची एक मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली. मावशींशिवाय जाणार नाही म्हणून ती रडायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, “शिपायाला कसली आलीय स्पर्धेची रजा?”

मावशींनी तिला जवळ घेतलं. “वरीसभर रोज पळलीस का नाय? ते पळणं तुजं हाय. त्याला कुणी गेटावर अडवत नाय. जा.”

ती गेली आणि जिद्दीने खेळली. गावात फ्लेक्स लागला: संस्थाचालक, मुख्याध्यापक, मी. मावशी कुठेच नाहीत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, “स्वच्छतेत मावशींचा हात कुणी धरणार नाही.” माझं डोकं भडकलं, पण तेव्हाही मी टाळ्याच वाजवल्या.

नंतर कधीतरी लाज वाटली. प्रशिक्षक म्हणून मावशींचं नाव लावा, असा अर्ज मी वरच्या कार्यालयात केला. उत्तर आलं: ‘सदर पदावरील व्यक्तीची अशी नोंद करता येत नाही.’

तो कागद घेऊन मी पिंपरी पेंढारला त्यांच्या लेकीकडे गेलो. मावशींनी तो उघडलासुद्धा नाही.

“ऱ्हाऊ द्या, सर. सकाळी पोरी येत्यात ना मैदानावर?”

शाळेच्या मैदानावर तर खडीचे ढीग पडले होते. शिक्षकांच्या गाड्यांसाठी तिथे शेड होणार होती.

“येतात की,” म्हणत मी तो कागद पुन्हा खिशात घातला.