उकंड्याचे मोजे

कुंदाकाकू मोहदेकरांच्या विणकामाला अख्ख्या पांढरकवड्यात तोड नव्हती. हे त्यांच्या सासूबाईंनीसुद्धा मान्य केलं होतं, आणि त्या माउलीला तर उगवता सूर्यही जरा तिरपाच उगवलाय असं वाटायचं!

लोकरीचा धागा वाया घालवणं काकूंच्या रक्तात नव्हतं. कोणाचा स्वेटर झाला की उरलेली लोकर गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात जायची. गावात कोणाकडे पाळणा हलला की काकू त्या डब्यातून इवलेसे मोजे विणून नेऊन द्यायच्या. घोट्याशी गोंडे, टाचेला अशी सुबक गोलाई की बघत राहावं. बायका "अगंबाई, किती गोड!" म्हणून ते गालाला लावत आणि ट्रंकेत ठेवून देत.

ठेवत म्हणजे ठेवूनच देत. एकाही लेकराच्या पायात काकूंनी आपला मोजा पाहिला नव्हता. विचारलं तर कोणी म्हणे, "जपून ठेवलेत हो," कोणी म्हणे, "याच्या पायात राहतच नाहीत." आणि त्याच पायात बाजारातले ढगळे मोजे मात्र बरे राहत होते! खरी गोष्ट अशी की काकूंना मूलबाळ नव्हतं. जिची कूस उजवली नाही तिच्या हातचं लेकराच्या अंगाला लावू नये, असं त्यांच्या तोंडावर कोणी म्हणालं नाही. पण गाव आहे ते, न म्हणताही ऐकू येतं. जळलं मेलं ते गोड बोलणं! काकूंना ते फार लागायचं. तरी पुढचा पाळणा हलला की सुया पुन्हा बाहेर.

"कशाला विणतेस? ट्रंकांचं पोट भरायला?" सदाशिवराव विचारत. सदाशिवराव म्हणजे काकूंचे यजमान, कचेरीत कारकून.

"तुम्ही तुमच्या फायली भरा," काकू म्हणत.

बासष्ट सालच्या हिवाळ्यात चीनशी लढाई जुंपली तेव्हा गावातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले. काकूंनी तर सपाटाच लावला. लढाई थांबली, स्वेटर रवाना झाले आणि काकूंच्या डब्यात खाकी लोकरीचे गुंडे उरले.

अशातच एका सकाळी लालीबाई आली. लालीबाई गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची, सरपणाची मोळी आणून टाकणारी. हातभर बांगड्या आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं लालीबाई आली म्हणून. त्या दिवशी मोळी टाकून ती गेली नाही. पदर पसरून उभी राहिली.

"बाई, मागाले आली. नाही म्हनू नका."

"अगं, झालं काय?"

"माह्या हंसाले पोरगं झालं." हंसाबाई तिची सून. आधीची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली होती, काकूंना ते माहीत होतं. "यावेळी लेकराले उकिरड्यावर लोळवतो अन् नाव ठेवतो उकंडा. म्हंजे नजरेले वाटंन, हे तं टाकून देल्लं हाये, याले कोन नेते! अंगावर घरचं काही घालाचं नाही, सारं मागून आनलेलं, जुनंपुरानं. पायासाठी काही तुमच्या घरचं द्या."

"लालीबाई, माझ्या घरचं? तुला ठाऊक आहे ना, मला..."

"ठाव हाये. मंग? मागनाऱ्यानं देनाऱ्याचा हात पाहावा, कूस कायले पाहावी?"

दुपारचं जेवण बाजूला राहिलं. काकूंनी बैठकच मारली. लालीबाई पुन्हा आली तेव्हा मोजे तयार होते: खाकी, वर जांभळा काठ, लोंबते गोंडे. लालीबाईनं ते पाहिले आणि तिचा चेहराच पडला.

"बाई, हे तं नवंकोरं हाये!"

"अगं, उरलेल्या लोकरीचे आहेत."

"उरलेलं दिसते कुठं? हे पाहून तं नजर तांड्यावर मुक्कामालेच येईन! मले भिकारडं पाहिजे, भिकारडं. सोमवारी नाव ठेवून राह्यलो. तवरीक होत असंन तं करा, नाही तं म्या दुसऱ्या घरी मागतो."

आता काय म्हणावं! आजवरचे मोजे कोणी घातले नाहीत ते बाई वाईट म्हणून, आणि हे घालायचे नाहीत ते काम चांगलं म्हणून! पहिल्यांदा एक लेकरू काकूंच्या मोज्याला पाय द्यायला तयार होतं, आणि तेही हातचं जाणार?

काकूंनी मोजे उसवले आणि वाईट विणायला बसल्या. पण बोटांना लागलेलं वळण ते! मुद्दाम टाका गाळला, तर पुढच्या ओळीत बोटांनी तो गुपचूप उचलून घेतला. सात रंगांची लोकर भसाभस जोडली, तर मोजा आणखीच गोजिरा दिसायला लागला. काकू रडकुंडीला आल्या. सदाशिवराव हसत होते. काकूंनी सुया त्यांच्याच हातात कोंबल्या.

"विणा तुम्ही!"

"मी? कचेरीत कळलं तर लोक मला बांगड्या भरतील!"

"दार लावून विणा. गबाळेपणात तुमचा हात धरणारा गावात कोणी नाही."

रविवारी मागच्या अंगणात, उन्हाला पाठ करून सदाशिवराव विणायला बसले. थंडीत घाम फुटला. टाके असे आवळले की सुई ओढायला गडी लावावा. जीभ बाहेर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अखेर जे झालं त्याला मोजा म्हणावं तर टाच नाही आणि पिशवी म्हणावं तर धड तोंड नाही. काकू हसून हसून खाली बसल्या.

सदाशिवरावांना मात्र आता चव लागली होती. "दुसराही मीच करतो."

"नको!" काकू एकदम म्हणाल्या. "एक तरी माझा असू द्या." मग त्यांनी सुया स्वतःच्या हातात घेतल्या.

सोमवारी लालीबाईनं सदाशिवरावांचा मोजा हातात घेतला आणि तिचे डोळे चमकले. "वा! हे कोनं केलं?"

"साहेबांनी."

"साहेब लय गुनाचे! अस्संच पाहिजे होतं." मग तिनं काकूंचा मोजा उचलला, बिनकाठाचा, बिनगोंड्याचा, पण तरीही नेटका. "हा तं चांगला हाये..." लालीबाईनं दोन्ही मोजे शेजारी धरले. "जाऊ द्या, चालते. याच्या संगतीनं हाही बिघडला."

काकू तिच्याबरोबर तांड्यावर गेल्या. उकंडा उकिरड्यावर लोळला, तांडा डोक्यावर घेऊन रडला, आणि हंसाबाईनं त्याच्या पायांत मोजे चढवले. एका पायात काकू, एका पायात सदाशिवराव. मग पोर काकूंच्या मांडीवर आलं. काकू त्या दोन पायांकडे बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, तेवढ्यात उकंड्यानं आपलंही वाहवलं. लुगडं भिजलं, मोजेही भिजले. हंसाबाई बिचारी लाजून चूर झाली.

"आना, दगडावर धुऊन टाकतो," लालीबाई म्हणाली.

"खबरदार! लोकर दगडावर आपटतात का कुठं? तोवर पायांना फडकं गुंडाळ. मी धुऊन ठेवते, सकाळी घेऊन जा."

घरी सदाशिवराव दारातच होते. "घातले?"

"घातले. भिजवलेसुद्धा."

"माझापण?"

"तुमचा जास्त."

सदाशिवराव इतके खूश झाले की मोजा धुवायला स्वतः मोरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लालीबाईचा आवाज गल्लीत घुमला. "बाई, मोजे द्या लवकर! पोराचे पाय गार पडून राह्यले! तुमच्या मोज्याबिगर रडाचं थांबतच नाही ते!"

गल्लीतली दारं उघडली. बायका बाहेर आल्या. आत काकू चुलीपुढे बसल्या होत्या, वाळून खडखडीत झालेले दोन्ही मोजे मांडीवर घेऊन.

"थांब गं जरा," काकू आतूनच ओरडल्या, "अजून ओले आहेत!"

"काय म्हनता?" लालीबाई दुप्पट आवाजात ओरडली. "अवो, उकंड्याचे मोजे द्या म्हनतो!"

काकूंनी मोजे गालाला लावले आणि तिला आणखी थोडं ओरडू दिलं.